मृत पक्ष्यांचे मृत्युकारण-निदान

उघड्यावर मेलेला आढळलेला वन्य पक्षी कशाने मेला, हे सापडल्याची जागा, मृतदेह आणि प्रयोगशाळेतील चाचण्या यांचा मेळ घालून ठरवण्याची पद्धत. पाळीव कोंबडी मेली तर तिचे वय, खाद्य, लसी मालकाला ठाऊक असतात. रानातल्या पक्ष्याची हकिकत सांगायला कोणी नसते. शिवाय कावळे, मुंगूस, भटकी कुत्री मृतदेह फार काळ राहू देत नाहीत. त्यामुळे अंगावर जखम दिसली की ‘मांजराने मारला’ म्हणून मोकळे होणे बहुधा घाईचे ठरते. हृदय चालू असताना झालेल्या जखमेभोवती मांसात रक्त साकळते, मेल्यावर कुरतडलेल्या जागी तसे होत नाही. कातडी बाजूला करून एवढे पाहिल्याशिवाय मांजरावर आळ घेऊ नये.

नुसती पिसे उरली असली तरी काही कळते. शिक्रा किंवा ससाणा चोचीने पिसे उपटतो, त्यामुळे पिसाचा देठ टोकापर्यंत शाबूत राहतो. फार तर त्यावर चोचीची खाच दिसते. मांजर किंवा मुंगूस दातांनी तोडते, तेव्हा देठ चावून तुटलेले आणि पिसे लाळेने एकमेकांना चिकटलेली असतात. इमारतीच्या पायथ्याशी पारवा पडला असेल तर वर काचेकडे पाहावे. पिसांवरच्या भुकटीचा पंख पसरलेला धुरकट ठसा कधी कधी तिथे उमटलेला असतो. अशा पक्ष्याची मान मोडली असे लोक सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात कवटीत झालेला रक्तस्राव हेच बहुतेक वेळा कारण निघते. विजेच्या तारेखालच्या पक्ष्याच्या पायांवर आणि पिसांवर करपल्याच्या खुणा शोधतात.

शवविच्छेदनात पहिला हात छातीवर जातो. छातीचे मधले हाड सुरीच्या पात्यासारखे बोटाला लागले, तर पक्षी बरेच दिवस उपाशी किंवा आजारी होता. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल, तर मरण अचानक आले. अन्नाची पिशवी दाण्यांनी भरलेली आणि शेत शेजारीच, असे असले की कीटकनाशकाचा संशय बळावतो. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त आणि कार्बामेट गटांतील कीटकनाशके मज्जासंस्थेतील एका विकराचे (एन्झाइमचे) काम रोखतात. मेंदूतील त्या विकराची क्रिया निरोगी पक्ष्याच्या निम्म्याहूनही खाली गेलेली आढळली, तर विषबाधेचा निष्कर्ष भक्कम होतो.

या शास्त्रातील सर्वांत गाजलेला तपास गिधाडांचा. 1990 च्या दशकात भारतीय उपखंडातील गिधाडे झपाट्याने संपू लागली. माना खाली टाकून ती दिवसचे दिवस झाडावर बसून राहत, म्हणून साथीच्या रोगाचा तर्क बराच काळ चालला. पाकिस्तानातील पंजाबात गोळा केलेल्या मृत गिधाडांच्या पोटात मात्र आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. ते होते युरिक आम्लाचे स्फटिक, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाल्याची खूण. विषाणू सापडेना, जड धातू आणि कीटकनाशकेही जुळेनात. मग पशुवैद्यक संशोधक लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा केला: गिधाडे खातात ती गुरे, तर गुरांना काय देतात? पशुवैद्य आणि औषध-विक्रेत्यांकडे चौकशी केल्यावर मूत्रपिंडाला घातक ठरू शकणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक समोर आले. अशा थराच्या 25 पैकी 25 गिधाडांच्या मूत्रपिंडात त्याचा अंश मिळाला, थर नसलेल्या 13 पैकी एकातही नाही. औषध दिलेल्या गुरांचे मांस गिधाडांना खाऊ घालूनही तोच परिणाम दिसला. निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2006 मध्ये भारताने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची बहुतेक संख्या हातची गेली होती. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक या औषधांवर तशी बंदी यायला 2023 उजाडले.

राजस्थानातील सांभर सरोवराची गोष्ट याच्या उलट. नोव्हेंबर 2019 मध्ये तिथे हजारो पक्षी मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लू नसल्याचे सांगितले. पुढे बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने बोट्युलिझमचे, म्हणजे एका जिवाणूच्या विषाने होणाऱ्या विकाराचे, निदान केले. या विषाने पंख, पाय आणि मान लुळी पडते. ‘मान टाकली’ हा वाक्प्रचार इथे शब्दशः खरा होतो, आणि पाण्यातला पक्षी मान वर धरता न आल्याने बुडूनही मरतो. मात्र पोट उघडल्यावर डोळ्यांना दिसेल अशी खास खूण सापडत नाही, म्हणून पक्षी मरण्यापूर्वी कसा वागत होता याची नोंद मोलाची. सडणाऱ्या मृतदेहावरच्या अळ्यांना हे विष बाधत नाही, पण त्यांच्या अंगात ते साठते. त्या अळ्या खाणारा पक्षी मरतो, त्याच्यावर नव्या अळ्या धरतात. मृतदेह भराभर उचलणे हाच तिथे मुख्य इलाज असतो.

एकाच जातीचे बरेच पक्षी थोड्या दिवसांत मेले की संसर्गाची शंका आधी घेतात. 2025 च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातील उदगीरला कावळे मेले, तेव्हा तपासणीत बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू निघाला. उलट मे 2024 मध्ये घाटकोपरला रोहित पक्ष्यांचे छिन्नविच्छिन्न अवशेष विखुरलेले आढळले, तेव्हा त्याच रात्री मुंबईत उतरलेल्या विमानाला पक्षी धडकल्याच्या माहितीने उलगडा झाला. तिथे सूक्ष्मदर्शकाची गरज नव्हती.

निदान फसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे कुजलेला नमुना. उन्हात एक दिवस पडलेल्या पक्ष्याच्या ऊतींचा लगदा होतो. गोठवूनही पेशी फुटतात, म्हणून प्रयोगशाळा जवळ असेल तर मृतदेह फ्रीझरमध्ये न ठेवता बर्फाच्या पेटीतून नेतात. पोहोचायला बरेच दिवस लागणार असतील तरच गोठवतात. पक्षी दिसल्यावर आधी जागेसकट छायाचित्र घ्यावे, उघड्या हाताने उचलू नये आणि वनखात्याला कळवावे. महाराष्ट्रात त्यासाठी 1926 हा क्रमांक आहे. कळवताना किती पक्षी, कोणते, आजूबाजूला आजारी पक्षी आहेत का आणि शेजारच्या शेतात नुकती फवारणी झाली का, एवढे सांगितले तरी तपासाला दिशा मिळते.