पार्किन्सनमध्ये मेंदूत नवीन पेशी घालता येतात का?

स्टेम सेलनी, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींनी, मेंदूचे आजार बरे होतात का, या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही, कारण प्रत्येक आजारात मेंदूचं नुकसान वेगळं असतं. अल्झायमरमध्ये जवळजवळ सगळा मेंदूच हळूहळू खराब होत जातो, मग नवीन पेशी घालणार तरी कुठे? पार्किन्सनचं तसं नाही. त्यातही बरंच काही बिघडतं, पण हात थरथरणं, चाल मंदावणं, अंग आखडणं हे मुख्यतः डोपामीन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी मेल्यामुळे होतं आणि त्या पेशी मेंदूच्या खोल भागात एका छोट्याशा पट्ट्यात असतात. म्हणूनच सगळ्यात जास्त आशा इथे आहे.

हा प्रयत्न नवा नाही. 1987 मध्ये स्वीडनच्या लुंडमध्ये गर्भपातातून मिळालेल्या गर्भाच्या मेंदूपेशी पेशंटच्या मेंदूत घातल्या होत्या. काहींना खरंच वर्षानुवर्षं फायदा झाला, पण अमेरिकेत नीट तुलना करून ट्रायल घेतली, म्हणजे निम्म्या लोकांच्या कवटीला फक्त भोकं पाडली, पेशी घातल्याच नाहीत, तेव्हा फरक अपेक्षेपेक्षा खूपच कमी निघाला आणि वर काहींना औषध बंद असतानाही अंग आपोआप वेडंवाकडं हलायचा त्रास सुरू झाला. शिवाय एका पेशंटसाठी अनेक गर्भांचं टिश्यू लागायचं, त्यामुळे प्रत्येक वेळचा माल वेगळा.

ही अडचण स्टेम सेलमुळे सुटली. 2006 मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या त्वचेच्या पेशीत चार जीन्स घालून तिला परत स्टेम सेल बनवलं, पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशीतही ते जमलं आणि 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आता लॅबमध्ये हव्या तेवढ्या पेशी एकसारख्या बनवता येतात.

ऑपरेशनमध्ये कवटीला छोटं भोक पाडून बारीक सुईने पेशी सोडतात, पण गंमत म्हणजे जिथे पेशी मेल्या तिथे नाही, तर जिथे डोपामीन पोचायला हवं त्या प्युटामेन नावाच्या भागात, कारण मोठ्या माणसाच्या मेंदूत नव्या पेशीचे धागे तेवढं अंतर कापतील याचा भरवसा नसतो. आणि घालतात त्या अर्धवट तयार पेशी, पुरती वाढ तिथेच होते, म्हणून परिणाम दिसायला महिनेच्या महिने जातात.

2025 मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात अशा दोन ट्रायल छापून आल्या. क्योटोमध्ये 7 पेशंट होते, अमेरिका-कॅनडात 12. ट्यूमर झाला नाही, स्कॅनमध्ये डोपामीन बनताना दिसलं, काहींच्या हालचालीही सुधारल्या. मला ही बातमी फार मोठी वाटते, पण एवढ्याशा लोकांवरून, तेही तुलनेचा गट नसताना, औषध लागू पडतं असं म्हणता येत नाही. शरीराने पेशी नाकारू नयेत म्हणून इम्युनिटी दाबायची औषधंही बरेच महिने घ्यावी लागली.

आणि मूळ आजार तसाच राहतो! जुन्या ट्रायलमधल्या काही पेशंटचा मेंदू मृत्यूनंतर तपासला तेव्हा दहा वर्षांहून जुन्या, बाहेरून घातलेल्या काही पेशींमध्येसुद्धा पार्किन्सनचे प्रोटीनचे गोळे सापडले.

त्यामुळे कुठलं क्लिनिक पोटातल्या चरबीतून काढलेल्या पेशी सलाइनमधून देऊन पार्किन्सन बरा करतो म्हणत असेल तर कृपा करून पैसे भरू नका, त्या पेशी डोपामीनच्या न्यूरॉन होत नाहीत. नीट न तपासलेल्या पेशी थेट मेंदूत घालणं तर फारच धोक्याचं, 2009 मध्ये छापलेल्या एका केसमध्ये अशी इंजेक्शनं घेतलेल्या मुलाच्या मेंदूत आणि मणक्यात गाठी झाल्या होत्या आणि त्या दात्याच्या पेशींपासूनच वाढल्या होत्या.