ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा निधी

मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या विकासाचा आणि देखभालीचा खर्च भागवण्याची व्यवस्था. असे सॉफ्टवेअर कोणीही उतरवून घेऊ शकतो, बदलू शकतो, पुढे वाटू शकतो. त्यामुळे प्रती विकून पैसे मिळवण्याचा नेहमीचा मार्ग जवळपास बंदच असतो. नवे काही उभे करायला पैसा त्या मानाने लवकर जमतो. चुका दुरुस्त करणे, तक्रारी वाचणे, जुन्या आवृत्त्या सांभाळणे या रोजच्या कामाला मात्र दाता सापडत नाही. आपल्याकडे देवळाच्या दिवाबत्तीसाठी वेगळी इनामे लावून दिलेली असत. इथे नेमकी दिवाबत्तीच राहून गेली.

ओपनएसएसएल ही इंटरनेटवरची माहिती सांकेतिक रूपात पाठवणारी लायब्ररी, म्हणजे इतर सॉफ्टवेअरना वापरता येणारा तयार कोड, हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. काही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी जे कुलूप दिसते, त्यामागे सर्व्हरच्या बाजूला अनेकदा हीच लायब्ररी काम करते. ७ एप्रिल २०१४ रोजी तिच्यातला ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. जोडणी चालू आहे ना हे पाहण्यासाठी एक संगणक दुसऱ्याला एखादा शब्द पाठवतो, सोबत त्याची लांबी कळवतो आणि तोच शब्द परत मागतो. कळवलेली लांबी खरी आहे का, हे कोड तपासतच नव्हता. चार अक्षरे पाठवून ६४ केबी मागितले, की सर्व्हर आपल्या मेमरीतला शेजारचा मजकूर, त्यात पासवर्ड असोत की गुप्त किल्ल्या, देऊन मोकळा होई. हा कोड ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री प्रकल्पात दाखल झाला होता आणि सव्वादोन वर्षे तसाच राहिला. नजर ठेवायला होते कोण? पूर्णवेळ काम करणारा एकच माणूस, आणि वर्षाला सुमारे २,००० डॉलरच्या देणग्या. बाकीचा खर्च कंपन्यांची कंत्राटी कामे घेऊन निघे. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक वगैरे कंपन्यांकडून अशा दुर्लक्षित प्रकल्पांसाठी प्रत्येकी वर्षाला १ लाख डॉलर, तीन वर्षांसाठी, कबूल करून घेतले. घर जळाल्यावर विहीर खणायला सगळे धावले, असेच म्हणावे लागते.

पण सवय गेली नाही. एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनाचा भार वर्षानुवर्षे एकच बिनपगारी माणूस वाहत होता. मदतनीस म्हणून आलेल्या एका टोपणनावाने दोनेक वर्षांत त्याचा विश्वास संपादन केला आणि कोडमध्ये चोरवाट पेरली. मार्च २०२४ मध्ये ती उघडकीस आली, तीही दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा एका अभियंत्याने पिच्छा पुरवला म्हणून.

ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरची कथा वेगळी आहे. नेदरलँड्समधली मूळ कंपनी २००२ मध्ये बंद पडली. तिचे संस्थापक टॉन रोसेंडाल यांनी गुंतवणूकदारांशी सौदा केला: १ लाख युरो घ्या, कोड खुला करा. लोकवर्गणीतून ही रक्कम सात आठवड्यांत जमली आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी कोड खुला झाला. पुढे रोसेंडाल यांनी लघुपट काढायला सुरुवात केली. लोक डीव्हीडीचे पैसे आगाऊ भरत आणि त्या पैशांतून चित्रपटाबरोबर सॉफ्टवेअरही सुधारे. २००८ च्या लघुपटात नायक गुबगुबीत ससा होता, म्हणून केस आणि गवत दाखवण्याची साधने नीट करावी लागली. हा मार्ग हुशारीचा खरा, पण त्यातून नव्या सोयींचाच खर्च निघतो. कायम नेमलेल्या प्रोग्रामरांचे पगार आता मुख्यतः विकास निधीतून होतात. त्यात महिन्याला थोडे युरो देणारा हौशी कलाकार आहे तशा मोठ्या कंपन्याही. २०१९ मध्ये एपिक गेम्सने तीन वर्षांसाठी १२ लाख डॉलर दिले.

मोठ्या प्रकल्पांत बहुतेक काम कंपन्यांच्या पगारी नोकरांकडूनच होते. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे लिनक्स कर्नेल, त्यातलाच. लिनक्सवर आधारित सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या रेड हॅटने सॉफ्टवेअर खुले ठेवून सेवा विकली आणि २०१९ मध्ये आयबीएमने ती कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली. सर्वांना हे साधत नाही. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या क्लाउड कंपन्या आपला कोड आयता वापरून कमावतात, अशी तक्रार करत शोधाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलॅस्टिकने २०२१ मध्ये आणि डेटाबेस बनवणाऱ्या रेडिसने २०२४ मध्ये कोड वापरण्याचा परवाना आवळला. रेडिसच्या जुन्या कोडवरून लगेच ‘व्हॅल्की’ ही वेगळी शाखा निघाली. पुढे दोन्ही कंपन्यांनी खुल्या परवान्याचा पर्याय पुन्हा दिला.

भारतात मुंबईची फ्रॅपे ही कंपनी ईआरपीनेक्स्ट हे हिशेब आणि साठ्याचे सॉफ्टवेअर खुले ठेवते आणि ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवून देण्याचे पैसे घेते. शेअर दलाली करणाऱ्या झिरोधा या कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जगभरच्या खुल्या प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. एका प्रकल्पाला १०,००० ते १ लाख डॉलर. अर्जासाठी प्रकल्पाने ‘फंडिंग.जेसन’ नावाची एक छोटी फाइल जाहीर ठेवायची: काम कोण पाहते, किती पैसे हवेत, ते कुठे पाठवायचे.