मुंबईचा धूर: गिरणगावापासून माहूलपर्यंत

मुंबईची हवा बिघडल्याची बातमी हल्ली दर हिवाळ्यात येते. समुद्राकाठच्या या शहराला हे दुखणं अलीकडेच जडलं, असंही मग बोललं जातं. प्रत्यक्षात धुराविरुद्धचा मुंबईचा पहिला कायदा १९१२ सालचा आहे, ‘बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस अ‍ॅक्ट’. कलकत्त्यात तसा कायदा १९०५ मध्येच झाला होता. कावसजी दावर यांनी ताडदेवला १८५०च्या दशकात कापडगिरणी काढली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ-लालबाग-भायखळ्याचा सगळा पट्टा कोळशाच्या चिमण्यांनी भरून गेला. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या धोतरांवर काजळी बसे, ती या चिमण्यांची.

काजळी कमी होण्यात मोठा वाटा विजेचा होता. १९१५ साली खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. कोळसा जाळून वाफेवर यंत्रं फिरवण्याऐवजी गिरण्या सह्याद्रीतल्या पाण्याची वीज घेऊ लागल्या. पण ही वीज वाढवायची तर आणखी धरणं हवीत, म्हणून मुळशी खोऱ्यातल्या भातशेतीवर पाणी आलं. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी जो मुळशी सत्याग्रह उभा केला, तो याच धरणाविरुद्ध. पाठ्यपुस्तकात मुळशी एका धड्यात असते आणि गिरणगाव दुसऱ्या. एकाच्या स्वच्छ विजेची किंमत दुसऱ्याने मोजली, हे कुठे फारसं येत नाही.

स्वातंत्र्यानंतर धुराला नवा पत्ता मिळाला. १९५४-५५ मध्ये तुर्भ्याजवळ, म्हणजे ट्रॉम्बेला, दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पाठोपाठ औष्णिक वीजकेंद्र आणि खतकारखाना आला. तेव्हा हा भाग शहराबाहेरचा समजला जाई. शहर तिथवर पोचायला वेळ लागला नाही, आणि चेंबूरला ‘गॅस चेंबर’ हे नाव पडलं ते आजही पुसलेलं नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस केईएम रुग्णालयातल्या डॉ. कामत आणि सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी एक ग्रामीण भाग निवडून तिथल्या रहिवाशांची पाहणी केली. खोकला, दम, छातीचे विकार यांचा हवेतल्या गंधकवायूशी आणि धुळीशी संबंध आहे का, हे त्यांना तपासायचं होतं. देशाचा वायुप्रदूषण कायदा १९८१ चा. म्हणजे कायद्याआधी मुंबईच्या डॉक्टरांनी वह्या भरायला घेतल्या होत्या.

गिरण्यांच्या चिमण्या शेवटी विझल्या त्या कायद्याने नाहीच. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि बहुतेक गिरण्या पुन्हा नीट उभ्याच राहिल्या नाहीत. हवा सुधारली म्हणून कुणी आनंद मानावा असा तो शेवट नव्हता.

मग वाहनं. १९९९ मध्ये धुराने त्रासलेल्या नागरिकांची याचिका उच्च न्यायालयात गेली, व्ही. एम. लाल समिती नेमली गेली आणि त्यानंतरच्या काळात जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जावं लागलं. टॅक्सीवाल्यांनी कुरकुर केली, पंपांवर रांगा लागल्या, पण काळा धूर ओकणारी डिझेलची पद्मिनी टॅक्सी दिसेनाशी झाली. माझ्या मते मुंबईच्या हवेसाठी झालेल्या कामांत हे सर्वांत सरळ काम. इंधन बदललं, धूर दुसरीकडे ढकलला नाही.

चेंबूरजवळच्या माहूलमध्ये नेमकं उलट घडलं. तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्यांच्या कुशीत प्रकल्पग्रस्तांसाठी इमारती उठल्या, आणि तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून माणसं तिथे नेली गेली. शहराचा धूर जिथे साठतो तिथेच शहराला नको असलेली माणसं. त्यांनी लढा दिला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना माहूलमध्ये राहण्याची सक्ती करता येणार नाही, घर द्या नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडं द्या, असं सांगितलं. पुढच्या वर्षी हरित लवादाने तिथल्या चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई ठोठावली.

आताची धूळ बांधकामांची आहे, आणि तिचा एक मोठा उगम पुन्हा गिरणगावच. गिरण्यांच्या जागी टॉवर उठताहेत. मुंबईला आजवर वाऱ्याने सांभाळलं: दिवसा खारे वारे, रात्री मतलई, आणि दोन्हींच्या ये-जा करण्यात हवा धुतली जाते. हिवाळ्यात वारे मंदावले की धूळ जागीच तरंगत राहते. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने नियमावली काढली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली. नियमावलीत होतं: सत्तर मीटरपेक्षा उंच इमारतीभोवती ३५ फुटी पत्रे, बाकीच्यांना २५ फुटी, पाण्याचे फवारे, बाहेर पडणाऱ्या डंपरची चाकं धुणं. पत्रे उभे राहिले. चाकं धुतली जातात की नाही, हे कुठल्याही साइटच्या गेटबाहेरचा रस्ता पाहिला की कळतं.

जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्यांची पाळी आली. लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बंद करून गॅस किंवा विजेवर जा, असा न्यायालयाचा आदेश निघाला. या भट्ट्यांत जळतं ते बरेचदा भंगारातलं लाकूड: पाडलेल्या घरांचे दरवाजे, मोडकी कपाटं, रंग आणि गोंद लागलेलं प्लायवूड. त्याचा धूर साध्या सरपणापेक्षा वाईट, म्हणून आदेश योग्यच आहे. पण टॅक्सीवाल्याला नुसतं किट बसवायचं होतं. इथे गल्लीतल्या बेकरीवाल्याला अख्खी भट्टी फोडून नवा ओव्हन घ्यायचा आहे, आणि पाव तर स्वस्तच विकायचा आहे.