लक्षद्वीपला स्वतःहून जायचंय? परमिटपासून सुरुवात करा

अंदमानला पोर्ट ब्लेअरपर्यंत (आताचं श्री विजयपुरम) जायला भारतीय माणसाला कसलाही परवाना लागत नाही. लक्षद्वीपचंही तसंच असेल असं समजून बरेच जण सवलतीतलं, परत न होणारं विमानाचं तिकीट आधी काढून बसतात आणि मग धावाधाव करतात. लक्षद्वीपला जायला आपल्यालाही परमिट लागतं. १९६७ पासून तसे नियमच आहेत: जो मूळचा बेटांवरचा नाही, त्याने परवानगी घेऊनच पाऊल ठेवायचं. सरकारी कामावर येणाऱ्यांना आणि सैन्यदलातल्यांना यातून सूट आहे. तुमच्या-माझ्यासारख्या पर्यटकाला नाही.

हे समजून घेतलं की पुढचे कागद जाचक वाटत नाहीत. सगळी बेटं मिळून जमीन फक्त ३२ चौरस किलोमीटर. छत्तीसपैकी दहाच बेटांवर वस्ती. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ होती आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त लोक अनुसूचित जमातींत मोडतात. जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर, त्याच्याखाली समुद्र. जास्त उपसा झाला की विहिरीत खारं पाणी शिरतं. किती माणसं आली, कुठे राहिली आणि कधी परत गेली याचा हिशोब तिथल्या प्रशासनाला ठेवावाच लागतो. मला तरी ते पटतं.

आधी ठरवायचं ते राहण्याचं

परमिट सरसकट ‘लक्षद्वीप’साठी मिळत नाही. त्यावर बेटांची नावं आणि तारखा असतात, म्हणून अर्जाआधी मुक्काम नक्की लागतो. पर्यटकांचं जाणं-येणं मुख्यतः अगत्ती, बंगाराम, कदमत, कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय इथे असतं. सरकारी पर्यटन संस्था ‘स्पोर्ट्स’चं पॅकेज घेतलं, तर परमिटचं काम त्यांच्याकडूनच होतं. जहाजावर राहून दिवसा बेटं पाहायची, असंही त्यांचं एक पॅकेज आहे. पण हा लेख ज्यांना स्वतःच्या वेळाने फिरायचंय, एका बेटावर चार दिवस नुसतं राहायचंय, त्यांच्यासाठी आहे.

अशांना दोन वाटा आहेत. एक म्हणजे नोंदणी असलेल्या रिसॉर्टमध्ये किंवा होमस्टेमध्ये बुकिंग करायचं आणि त्याच्या आधारावर अर्ज करायचा. दुसरी वाट म्हणजे बेटावरचा रहिवासी तुमचा यजमान होतो, तुमची जबाबदारी घेत असल्याचं लिहून देतो आणि त्यावर परमिट निघतं. दुसऱ्या वाटेत एक मोह असतो. ओळखपाळख नसताना ‘स्पॉन्सर मिळवून देतो’ म्हणून पैसे मागणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. तुमच्याकडून काही चूक झाली तर तिथे त्या यजमानालाही जाब द्यावा लागतो. नाव उधार देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ते शोभत नाही. यजमानाशी फोनवर नीट बोला, किती माणसं येणार, कशासाठी येणार ते सांगा. अगत्तीपासून कवरत्तीपर्यंत बोलली जाणारी जेसरी मल्याळमच्या जवळची आहे, मिनिकॉयला महल बोलतात. पण होमस्टे चालवणाऱ्यांशी मोडक्यातोडक्या हिंदीत सहज निभतं.

कागद

ओळखपत्र, पासपोर्ट आकाराचा फोटो, मुक्कामाचं बुकिंग किंवा यजमानाचं पत्र, आणि पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. पहिले तीन कागद एका दिवसात जमतात. सगळा वेळ चौथ्यात जातो.

महाराष्ट्रात हे प्रमाणपत्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून मागता येतं. ओळखीचा, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा चढवायचा, शुल्क भरायचं आणि कारणाच्या रकान्यात लक्षद्वीपच्या प्रवेश परवान्यासाठी असं स्पष्ट लिहायचं. मग अर्ज तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात जातो आणि मूळ कागद घेऊन तिथे बोलावणं येतं. आधारवर गावचा पत्ता आणि राहणं पुण्यात भाड्याच्या घरात, असं असेल तर नोंदणीकृत भाडेकरार जवळ ठेवा. बहुतेक अर्ज इथेच अडतात. पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारं पोलीस क्लिअरन्स वेगळं, ते परदेशी जाण्यासाठी असतं. इथे त्याचा उपयोग नाही.

दुसरी अडचण खास आपल्याकडची आहे. आधारवर स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव. तिकिटावर नुसतं नाव-आडनाव. पॅन कार्डावर माहेरचं आडनाव. विमान कंपनी आणि परमिट देणारं कार्यालय, दोघेही अक्षरं जुळवून पाहतात. म्हणून एकच ओळखपत्र निवडा आणि त्यावरचंच नाव पोलिसांच्या अर्जात, परमिटच्या अर्जात आणि तिकिटावर जसंच्या तसं लिहा. मुलांची नावंही परमिटमध्ये हवीतच.

घरातल्या कुणाकडे परदेशी पासपोर्ट असेल, तर त्यांची वाट वेगळी आहे. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी प्रतिबंधित क्षेत्रासाठी वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि परदेशी नागरिकांना मोजक्याच बेटांवर जाता येतं. अमेरिकेतून आलेल्या भावाला ऐनवेळी सोबत घ्यायचा बेत म्हणून जमत नाही.

अर्ज आणि तिकीट

प्रशासनाच्या ई-परमिट पोर्टलवर खातं उघडून बेटं, तारखा आणि सोबतच्या माणसांची माहिती भरायची, कागद जोडायचे आणि शुल्क भरायचं. कोचीच्या विलिंग्डन बेटावर लक्षद्वीप प्रशासनाचं कार्यालय आहे. दोन बेटं पाहायची असतील तर दोन्हींची नावं आत्ताच लिहा. तिथे पोचल्यावर ‘जरा कदमतला जाऊन येतो’ असं होत नाही.

वेळेचा हिशोब उलटा मांडा. निघायच्या तारखेआधी दीड महिना पोलिसांचा अर्ज टाका, प्रमाणपत्र हातात येताच परमिटला लागा. विमानाचं तिकीट घ्यायचंच असेल तर तारीख बदलता येईल असं घ्या. विमानतळ अगत्तीलाच आहे. धावपट्टी आखूड, विमानं छोटी, त्यामुळे जागा मोजक्या असतात. कोचीहून साधारण दीड तास लागतो. गोव्यातल्या मोपाहूनही २०२४ मध्ये अगत्तीची विमानं सुरू झाली, तेव्हा कोकणातल्या आणि कोल्हापूरकडच्या लोकांनी ते वेळापत्रकही पाहावं. जहाज कोचीहून सुटतं, चौदा ते वीस तास घेतं आणि त्याच्या तिकिटासाठी परमिट आधी हातात लागतं. शाळेच्या सुट्ट्यांत आणि ईदच्या आसपास बेटांवरचे लोक घरी जात असतात. तो काळ त्यांच्यासाठी सोडलेला बरा. पावसाळ्यात बेटांमधल्या छोट्या बोटी बेभरवशाच्या असतात, म्हणून ऑक्टोबर ते एप्रिल धरा.

परमिटच्या तीन-चार छापील प्रती जवळ ठेवा. विमानात किंवा जहाजावर चढताना ते दाखवावं लागतं आणि बेटावर उतरल्यावर पोलीस ठाण्यात जाऊन नोंद करावी लागते. बहुतेक यजमान स्वतःच सोबत येतात. रोख पैसे घरूनच न्या, एटीएम थोडी आहेत. बंगाराम सोडलं तर दारूबंदी आहे, बॅगेत बाटली नेऊ नका. आणि परतताना मुलांच्या खिशात किनाऱ्यावरचे पांढरे प्रवाळाचे तुकडे नाहीत ना, ते पाहा. मेलेलं असलं तरी प्रवाळ उचलून आणणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.