एकदा दाबलं, तीनदा मोजलं

गणपतीच्या मखराचे दिवे यंदा भाचीने स्वतः केले. आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), आठ लाल एलईडी, प्रत्येकाला करंट आवरणारा २२० ओहमचा रेझिस्टर आणि एक चिमुकलं बटण. बटण दाबलं की पॅटर्न बदलायचा: आधी सगळे लुकलुकणारे, मग एकामागून एक पळणारे, मग मधून कडेला पसरणारे. पण कधी पुढचा पॅटर्न यायचा, कधी मधले दोन गाळून थेट चौथा. काकांनी जागेचा दोष काढला, शेजाऱ्यांनी व्होल्टेजवर ढकललं. गोम बटणातच होती.

फरशीवर गोटी टाकून ऐका. टक्... टक्. टक-टक-टकटकटक. बटणातली धातूची पातळ पत्री तशीच खालच्या पट्टीवर आदळते, उसळते, पुन्हा आदळते. काही मिलिसेकंदांत हा नाच संपतो, आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. चिपला मात्र लागतो. उनोवरची चिप, एटमेगा ३२८पी, १६ मेगाहर्ट्‌झवर चालते, म्हणजे एका मिलिसेकंदात घड्याळाचे १६,००० ठोके. तेवढ्यात ती बटणाकडे शेकडो वेळा पाहू शकते.

बरं, तिला दिसतं काय? बटण चिपच्या एका पिनला, म्हणजे पायाला, जोडलेलं असतं. बटण मोकळं असताना ही पिन अधांतरी राहू नये म्हणून चिपमधला पुल-अप रेझिस्टर तिला ५ व्होल्टकडे ओढून धरतो. दाबलं की पिन ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, टेकते. म्हणजे मोकळं बटण १ आणि दाबलेलं ०. हे उलटं वाटतं खरं, पहिल्या दिवशी सगळेच इथे अडखळतात. आता पत्री उसळली की चिपला दिसतं १-०-१-०-१-०. एकावरून शून्यावर तीनदा उतरली, म्हणून दाब तीन. चिपने इमानदारीने मोजलंय!

उपाय म्हणजे डीबाउन्सिंग, ही उसळी मोजणीतून गाळणं. पिन बदलली की लगेच विश्वास ठेवायचा नाही. ५० मिलिसेकंद ती त्याच स्थितीत टिकली, तरच दाब खरा. सेकंदाला सात-आठदा दाबतानाही बोटाची दमछाक होते, त्यामुळे एवढ्या थांबण्याने काही निसटत नाही. फक्त हे थांबणं 'डिले' या थांबायच्या आज्ञेने करू नये. डिले चालू असताना प्रोग्रॅम तिथेच अडकतो, पळणारे दिवेही गोठतात. त्याऐवजी 'मिलिस'ला, म्हणजे मिलिसेकंद मोजणाऱ्या आज्ञेला, विचारत राहायचं, किती वेळ झाला?

पॅटर्न निवडणं त्यामानाने किरकोळ. एक आकडा वाढवत न्यायचा आणि पॅटर्नच्या संख्येने भागून बाकी घ्यायची. चार पॅटर्न असतील तर ०, १, २, ३ आणि पुन्हा ०. माळांच्या खोक्यांवर 'स्मार्ट' म्हणून मिरवतात, त्यातल्या कित्येकांची अक्कल एवढीच.

भाचीने चार-पाच ओळी वाढवल्या. आधी दहा दाबांना स्क्रीनवर २३ आकडा आला होता, आता बरोबर १०. मग काकांनी बटण दाबून तसंच धरून ठेवलं. "आता का बदलत नाही गं?"

"काका, बोट उचला आधी."