चिपची श्रेणी आणि चिपची पिढी: एक्सेलसाठी स्वस्त लॅपटॉप घेताना नेमकं काय वाचायचं

पोळ्याच्या आदल्या दिवशी भाच्याचा फोन आला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशोब बघतो. "मावशी, आय-सेव्हन भेटून राह्यला पंचवीस हजारात. सोळा जीबी रॅम हाये. घेऊ का?"

"कोणता आय-सेव्हन?"

"आय-सेव्हन म्हंजे आय-सेव्हनच ना वं!"

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी स्वतः हेच करून बसले होते. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसासाठी सेकंडहँड लॅपटॉप घेतला तेव्हा झाकणावरचा आय-सेव्हनचा चकचकीत स्टिकर बघितला, रॅम विचारली आणि पैसे मोजले. त्या स्टिकरवर चिपची, म्हणजे लॅपटॉपचं सगळं गणित करणाऱ्या प्रोसेसरची, श्रेणी लिहिलेली असते. पिढी वेगळी असते, आणि ती मी विचारलीच नव्हती.

आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही झाली श्रेणी, म्हणजे त्या वर्षीच्या वर्गातला नंबर. वर्ग कोणत्या वर्षाचा, हे पिढी सांगते. २०१६ च्या वर्गातला पहिला आणि २०२२ च्या वर्गातला तिसरा यांना शेजारी बसवलं, तर पहिला हुशार निघेलच असं नाही. चिपच्या बाबतीत तर बहुतेकदा उलटच निघतं.

माझ्या लॅपटॉपमध्ये आय७-७५००यू होता. हजाराच्या जागी ७, म्हणजे सातवी पिढी, २०१६ ची. त्यात कोअर फक्त २ आणि थ्रेड ४. कोअर म्हणजे चिपमधले काम करणारे गडी, आणि थ्रेड म्हणजे ते एका वेळी किती कामं हातात धरू शकतात तो आकडा. आता आय३-१२१५यू बघा. इथे पहिले दोन आकडे वाचायचे: १२, म्हणजे बारावी पिढी, २०२२ ची. श्रेणी सगळ्यात खालची, तरी कोअर ६ आणि थ्रेड ८. त्या ६ कोअरांपैकी २ दमदार असतात आणि ४ कमी वीज खाणारे. शिवाय नव्या पिढीचा एकेक दमदार कोअर तेवढ्याच वेळात जुन्यापेक्षा बरंच जास्त काम उरकतो. म्हणजे नावाने आय-थ्री असलेली चिप नावाने आय-सेव्हन असलेल्या चिपला मागे टाकते.

या आय-वाल्या चिपा इंटेल कंपनीच्या. नावाच्या शेवटी यू असलेल्या, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या लॅपटॉपच्या चिपांमध्ये आठवी पिढी ही मोठी पायरी आहे. २०१७ मध्ये आलेल्या आय५-८२५०यू मध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड आले. त्याआधीच्या यू चिपांत आय-फाइव्ह असो की आय-सेव्हन, कोअर दोनच. विंडोज ११ सुद्धा अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनच चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे सहावी-सातवी पिढी कितीही स्वस्तात मिळाली तरी हिशोबाच्या कामासाठी मी ती घेऊ देणार नाही.

एक्सेलला या कोअर-थ्रेडचं काय पडलंय, तेही सांगते. आमच्या फाइलमध्ये तीन हंगामांच्या काटापट्ट्या आहेत. प्रत्येक ओळीत तारीख, गाडी नंबर, शेतकऱ्याचा खाते क्रमांक, वजन, ओलावा, भाव. त्या खाते क्रमांकावरून दुसऱ्या शीटमधून नाव आणि बँकेचा खाते नंबर व्हीलूकअपने, म्हणजे शोधून आणणाऱ्या सूत्राने, यायचा. मग दिवसवार सरकी किती, रुई किती, उतारा किती, गाठी किती याच्या बेरजा. एक भाव दुरुस्त केला की अख्खी फाइल पुन्हा गणित करायला बसायची. खाली उजव्या कोपऱ्यात अक्षरं यायची: कॅल्क्युलेटिंग, फोर थ्रेड्स, १२ टक्के. मग १३. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, शेतकरी पट्टी हातात घेऊन खिडकीशी उभा, आणि माझ्या स्क्रीनवर १४ टक्के.

तो 'फोर थ्रेड्स' मी कित्येक महिने वाचला, पण तो माझ्या चिपबद्दल बोलतोय हे कळायला वेळ लागला. एक्सेल २००७ पासून सूत्रांचं गणित थ्रेडांमध्ये वाटून करतं. थ्रेड जास्त असले तर वाटणी बारीक होते. मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये लिहून ठेवलेले छोटे प्रोग्राम, मात्र एकाच थ्रेडवर चालतात, तिथे एकट्या कोअरची ताकद लागते. दोन्ही बाबतींत नवी पिढी सरस ठरते.

मग फक्त नवीन नंबर बघून घ्यायचा का? इंटेलमध्ये बऱ्याच अंशी हो. पण एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन चिपांना हाच नियम लावाल तर फसाल, आणि स्वस्त लॅपटॉपांत रायझनही बरेच दिसतात, म्हणून हे नीट बघा.

रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. श्रेणी तीच, सुरुवातीचा ७ तोच, मधल्या एका आकड्याचा फरक. दुकानात दोन्ही '७००० सिरीज' म्हणूनच सांगतात. पण ७००० च्या मालिकेत पहिला आकडा फक्त साल सांगतो, चिपची खरी घडण तिसऱ्या आकड्यात असते. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २ ही जुनी घडण, ४ कोअर आणि ८ थ्रेड. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, ६ कोअर आणि १२ थ्रेड. त्यावर आणखी एक अडचण. ७५२०यू सोबत रॅम बोर्डावरच डकवलेली येते, ८ जीबीचा घेतला तर तो जन्मभर ८ जीबीचाच. ७५३०यू च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅमची पट्टी बदलता किंवा वाढवता येते. २०२१ मधला रायझन ५ ५५००यू सुद्धा झेन २ चाच, पण त्यात ६ कोअर आहेत. म्हणजे ५००० चा नंबर इथे ७००० च्या नंबरावर भारी पडतो.

इंटेलनेही २०२३ च्या शेवटापासून नव्या चिपांच्या नावातला 'आय' काढायला सुरुवात केली. आता 'कोअर ५' किंवा 'कोअर अल्ट्रा ५' असं दिसेल. ते आय-फाइव्हपेक्षा कमी दर्जाचं म्हणून सोडू नका.

दुकानदाराच्या तोंडावर विसंबायची गरज नाही. लॅपटॉप सुरू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तिन्ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जा. सीपीयूवर चिपचं पूर्ण नाव, कोअर आणि लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे थ्रेड, दिसतात. मेमरीवर गेलात तर रॅमचे स्लॉट किती आणि भरलेले किती तेही कळतं. दोन मिनिटांचं काम आहे, संकोच करू नका. पैसे तुमचे आहेत.

रॅम १६ जीबी असावी, फाइली साठवायला जुन्या हार्डडिस्कऐवजी वेगवान एसएसडी हवीच, ५१२ जीबी पुष्कळ झाली. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही: जुन्या लॅपटॉपवर ऑफिस ३२ बिटचं टाकलेलं असू शकतं. मग रॅम १६ जीबी असली तरी एक्सेलला त्यातला थोडाच भाग वापरता येतो आणि मोठी फाइल मेमरी पुरत नाही म्हणून अडते. एक्सेलच्या फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेलमध्ये ६४ बिट लिहिलेलं आहे का ते बघा.

आणि आपल्या भागासाठी खास. लॅपटॉप बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतात. आपल्याकडे एप्रिलमध्ये, ऐन वर्षअखेरीच्या हिशोबात, पारा ४२-४३ ला असतो. चिप तापली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते, मग ती कुठल्याही पिढीची असो. जिनिंगमध्ये तर उडणारी रुईही आहे. आमचा लॅपटॉप दुरुस्तीवाल्याने उघडला तेव्हा पंख्याच्या तोंडावर रुईची चक्क नमद्यासारखी पट्टी बसली होती, बोटाने सोलून निघाली. वारा बाहेर पडायला जागाच नव्हती. तेव्हापासून हंगाम सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर पंखा साफ करून घेते, आणि लॅपटॉप गादीवर किंवा कापसाच्या पोत्यावर कोणाला ठेवू देत नाही.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो परत दुकानात गेला, त्या आय-सेव्हनचं पूर्ण नाव वाचून मला पाठवलं: आय७-६६००यू. सहावी पिढी, २ कोअर. सोडून दिला. चार दिवसांनी यवतमाळहून टास्क मॅनेजरचा फोटो आला: रायझन ५ ७५३०यू, ६ कोअर, १२ लॉजिकल प्रोसेसर, मेमरीचे स्लॉट दोन, भरलेला एक. पंचवीसच्या जागी बरेच जास्त पैसे लागणार होते, म्हणून तो कचरत होता. मी म्हटलं, घे, आणि रिकाम्या स्लॉटात ८ जीबीची पट्टी तिथेच टाकून घे.