बुटाचा तळ किती ताठ असावा?

दिवसभर खडकाळ वाटेने आणि हिमोढांच्या सैल दगडांवरून चालत जायचे आणि त्यानंतर त्याच बुटांनी साठेक अंशांचा बर्फाचा उतार चढायचा, असा बेत असेल तर बुटांची निवड अवघड होते, कारण चालणे आणि बर्फ चढणे या दोन क्रिया बुटाकडून नेमक्या उलट गोष्टी मागतात. चालताना टाच उचलली जाते, चवड्याच्या सांध्यातून बोटे वाकतात आणि तळ पायाबरोबर वाकला तरच पाऊल सहज पडते. बर्फाच्या भिंतीवर मात्र वाकणारा तळ थकवणारा आणि काही वेळा धोकादायक ठरतो. रंग, कातडे, उबदार अस्तर या गोष्टींकडे लक्ष आधी जाते. तरीही या दुहेरी वापरासाठी बूट निवडताना मापाच्या खालोखाल पाहावा तो तळाचा ताठपणाच, असे माझे मत आहे.

बर्फावर रबर टिकत नाही, म्हणून बुटाखाली क्रॅम्पॉन, म्हणजे टोकदार दात्यांचा धातूचा सांगाडा, बांधतात. ऑस्कर एकेन्स्टाइन यांनी १९०८ साली आखलेल्या क्रॅम्पॉनला दहा दाते होते आणि ते सगळे खालच्या दिशेने होते. लॉरां ग्रिव्हेल यांनी १९२९ साली त्यांत पुढे झुकलेले दोन दाते जोडले आणि उभ्या बर्फात बुटाचे टोक मारून चढणे शक्य झाले. या एका बदलाने बुटावर येणारा भार पार बदलला. ७० किलो वजनाचा माणूस क्षणभर एकाच पायाच्या पुढच्या दात्यांवर उभा आहे आणि दात्यांपासून घोट्यापर्यंतचे आडवे अंतर २० सेंटिमीटर आहे, असे धरले तर घोट्यावर सुमारे १४० न्यूटन-मीटर इतके बलाघूर्ण येते. टाच खाली ढकलू पाहणारे हे बलाघूर्ण कुणीतरी तोलावे लागते. तळ ताठ असेल तर टाच किंचित खाली ठेवताच पुढच्या दात्यांमागची दुसरी जोडी बर्फावर टेकते आणि भाराचा बराच वाटा बर्फ, तळ आणि बुटाची घट्ट बांधलेली मान मिळून उचलतात. तळ मऊ असेल तर तो चवड्यापाशी वाकतो, मागची जोडी नीट टेकत नाही आणि सगळा ताण पोटरीवर येतो. थोड्याच वेळात पोटऱ्या थरथरू लागतात आणि पाय हलला की रोवलेले दाते सुटतात.

ताठपणाच्या हिशेबाने बुटांची बी-० ते बी-३ अशी प्रतवारी रूढ आहे आणि क्रॅम्पॉनची सी-१ ते सी-३ अशी. बी-० बुटाला क्रॅम्पॉन लावूच नये. बी-१ चा तळ थोडा वाकतो. त्याला पट्ट्यांनी बांधायचे, मधल्या लवचीक पट्टीचे सी-१ क्रॅम्पॉन चालतात आणि ते हिमनदीच्या सौम्य उतारांवर पुरेसे असतात. बी-२ चा तळ जवळजवळ ताठ असतो आणि टाचेमागे एक कठीण खाच असते, तिच्यात सी-२ क्रॅम्पॉनची मागची कळ अडकते; पुढचा भाग मात्र पट्ट्याने आवळतात. बी-३ पूर्ण ताठ, पुढे आणि मागे दोन्हीकडे खाच असलेला. अधिक ताठ बुटाला खालच्या श्रेणीचा क्रॅम्पॉन लावता येतो, पण मऊ बुटाला वरच्या श्रेणीचा लावू नये. बूट प्रत्येक पावलाला वाकतो, क्रॅम्पॉन वाकत नाही. त्यामुळे कळ निसटू शकते आणि धातूवर वारंवार ताण येऊन तो तुटूही शकतो.

चालणे आणि हलके बर्फारोहण यांच्या मिश्रणासाठी बी-२ हीच योग्य श्रेणी आहे. वाट लांब आणि बर्फ नावापुरता असेल तर बी-१ पुरे. उभा बर्फ हाच मुख्य हेतू असेल तर बी-३ घ्यावा. बी-२ च्या तळाला पुढे दिलेला गोलवा नीट तपासावा, कारण न वाकणारा तळ त्या गोलव्यावरूनच पुढे कलतो आणि चालणे सुसह्य होते. ही प्रतवारी उत्पादक स्वतःच लावतात, म्हणून दोन बी-२ बूट हातात घेऊन वाकवून पाहिले तर फरक जाणवतो. वजनाकडेही दुर्लक्ष करू नये. पाऊल दर वेळी उचलावे, पुढे न्यावे आणि थांबवावे लागत असल्यामुळे पायातले एक किलो पाठीवरच्या साधारण पाच किलोंइतके दमवते.

मात्र पायाला न बसणारा बूट कितीही योग्य श्रेणीचा असला तरी घेऊ नये. दिवसभराच्या वापराने पाय सुजतात, म्हणून बूट संध्याकाळी आणि मोहिमेतलेच मोजे घालून पाहावेत. उतारावर उभे राहिल्यावर किंवा भिंतीला हलकेच टोक मारल्यावर बोटे पुढे आदळता कामा नयेत. पायरीच्या कडेवर फक्त चवड्याचा पुढचा भाग टेकवून उभे राहावे. टाच बुटात वर सरकत असेल तर बर्फावर ती प्रत्येक पावलाला सरकेल, दात्यांचा नेम चुकेल आणि फोडही येतील. स्वतःचे क्रॅम्पॉन सोबत न्यावेत, बुटाला बसवावेत आणि पट्टा न बांधता बूट उचलून हलवावा. क्रॅम्पॉन गळून पडला तर ती जोडी जुळत नाही.

उबेच्या बाबतीत जाड मोज्यांवर ठेवला जाणारा भरवसा मला चुकीचा वाटतो. ऊब राखते ती मोज्यांत आणि अस्तरात अडकलेली स्थिर हवा. घट्ट बुटात जाड मोजा कोंबला की हवा दाबली जाते, रक्तप्रवाह मंदावतो आणि बोटे आणखी गार पडतात. ओलावा तर याहून वाईट, कारण पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. पाणी अडवून वाफ बाहेर सोडणारे पटल बुटात असले, तरी कडक थंडीत घामाची वाफ बाहेरच्या गार थरांत पोहोचताच पुन्हा पाणी होते. म्हणूनच अनेक रात्री गोठणाऱ्या थंडीत काढायच्या असतील तर आतला थर काढून झोपण्याच्या पिशवीत वाळवता येईल असा दुहेरी बूट लागतो. एक-दोन दिवसांच्या चढाईला पातळ अस्तराचा साधा बूट आणि कोरड्या मोज्यांची एक जादा जोडी पुरते.

जुने किंवा वापरलेले बूट घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अनेक बुटांच्या तळातल्या मधल्या थरातले पॉलियुरेथेन (एक प्रकारचे फेसाळ प्लॅस्टिक) हवेतल्या दमटपणाने हळूहळू विघटित होते आणि बूट न वापरता कपाटात ठेवले तरी ही क्रिया थांबत नाही. वरून नवे दिसणारे बूट काही वर्षांनी पहिल्याच चढणीवर तळ सोडून देतात. त्या थरावर अंगठ्याने दाबून भेगा किंवा भुसभुशीतपणा आहे का ते पाहावे, आणि बर्फावर जाण्याआधी पाठीवर ओझे घेऊन त्याच बुटांनी एक दिवस तरी चालून यावे.